तोफखान्यातले कान अन् कानामागचं मशीन

मागच्याच्या मागच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. तिसऱ्या वेच्याचा कापूस छोट्या हत्तीत भरून आम्ही खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावर नेला. व्यापाऱ्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून ओल पाहिली, सरकी दाताखाली धरली अन् भाव बोलला. मी म्हटलं, "चाल, कर खाली." गाडी रिकामी झाली. चिठ्ठी हातात आली तर तिच्यावर सात हजार. मी तिथंच त्याच्या अंगावर धावलो, आठ बोलला होतास म्हणून. पोरगं माझा दंड धरून ओढून राहिलं होतं. "बाबा, सातच म्हटलं त्यानं. म्या आयकलं ना." हमाल हसले असते तर बरं वाटलं असतं. ते मान खाली घालून पोती झटकत राहिले.

सात अन् आठ. माझ्या कानाची सारी कुंडली या दोन शब्दांत होती, पण ते कळायला आणखी सात-आठ महिने गेले. 'सात'मधला स माझ्या कानात शिरतच नव्हता. उरायचं 'आत'. अन् माणूस माल विकायला उभा असला की 'आत'चं 'आठ' व्हायला कितीसा वेळ लागतो?

मी तोफखान्यातला माणूस. १९८६ साली नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये गेलो, चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून गावी आलो. देवळी तालुक्यात साडेसात एकर आहे. कापूस, तूर, सोयाबीन. कानामागचं डिजिटल मशीन घेऊन आता पावणेदोन वर्षं होतील. त्यातले पहिले पाच महिने ते फडताळात साखरेच्या डब्याशेजारी पडून होतं, अन् पुढचं सव्वा वर्ष रोज कानावर आहे. मधे मशीन बदललं नाही. कंपनी तीच, मॉडेल तेच, फक्त ते बसवणारा माणूस बदलला. म्हणून कंपनीचं नाव लिहून कोणाला फायदा नाही. दुकानांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. पहिल्याशी भांडण उकरायचं नाही, दुसऱ्याचा भोंगा व्हायचं नाही.

कान कशानं गेले ते आधी सांगतो, कारण दुकानात पहिला प्रश्न हाच यायला पाहिजे होता. बोफोर्स तोफ १३-१४ सेकंदांत तीन गोळे टाकते हे सर्वांनी वाचलेलं असतं. १५५ मिलिमीटरचा एकेक गोळा चाळीस किलोच्या वर. पण तिच्या नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक असतो, त्याबद्दल गावात कोणी विचारत नाही. गोळा सुटला की त्याच्यामागून येणारा गॅस हा मझल ब्रेक बाजूला अन् मागं वळवतो, त्यामुळं तोफेला मागचा धक्का कमी बसतो. मागं म्हणजे जिथं आम्ही उभे असतो तिथं. तोफेचा वाचलेला धक्का आमच्या वाट्याला.

१९९९ चा जून-जुलै, कारगिलच्या लढाईत, आम्ही द्रासकडं होतो. तोलोलिंग १३ जूनला हाती आलं, टायगर हिल ४ जुलैला. चहूकडं उघडे डोंगर, एक आवाज तीनदा यायचा. कानात घालायचे प्लग होते. पण नंबर वनचा, म्हणजे तोफेच्या प्रमुखाचा हुकूम ऐकू आला नाही तर चार्ज, म्हणजे गोळ्यामागच्या दारूचं माप, चुकतो, अन् चार्ज चुकला तर गोळा वर चढणाऱ्या आपल्याच पोरांवर पडतो. म्हणून एका कानातला प्लग काढून ठेवायचा. पहाटेपर्यंत दुसराही कुठंतरी पडलेला असायचा. मग कापसाचा बोळा. तोफेचे गोळे भरायचं काम आमच्या विदर्भात, भद्रावतीच्या आयुध निर्माणीत चालतं. गोळा इकडचा, कापूस इकडचा, कानही इकडचेच.

फायर थांबली की कान सुन्न व्हायचे, गोधडीतून ऐकल्यासारखं. दोन दिवसांनी मोकळे व्हायचे. आम्ही समजायचो, उतरलं. दर वेळी थोडं कमी उतरायचं, हे कोण मोजतं? अन् मोजणारे होते तेव्हा मीच लपवलं. फौजेत दरवर्षी मेडिकल होते, शेप म्हणतात त्याला, त्यातला एच म्हणजे कान. डॉक्टर सहा मीटरवरून कुजबुजतो, आपण पाठ करून उभं राहून तो काय म्हणाला ते सांगायचं. माझ्या आधीचा गडी बाहेर येता येता मला आकडे सांगून गेला होता. एच खाली गेला की कॅटेगरी खाली, अन् कॅटेगरी खाली गेली की हवालदारीची फीत लांब. कानापेक्षा फीत जवळची वाटली. आता वाटतं तेव्हा बोललो असतो तर निदान कागदावर तरी आलं असतं.

घरी आलो तेव्हा मी बहिरा आहे हे कोणी मानायलाच तयार नव्हतं. त्यालाही कारण आहे. आमच्यापासून पुलगावचा दारूगोळा डेपो फार दूर नाही. जुने गोळे निकामी करतात तो धडाका गावापर्यंत येतो अन् तो मला सर्वांच्या आधी कळतो. २०१६ च्या ३१ मेला मध्यरात्रीनंतर डेपोत आग लागली, तेव्हा गावात सगळ्यात आधी उठून अंगणात आलो तो मी. बायकोनं ते धरून ठेवलं. "पुलगावचा धमाका आयकू येते तुमाले, अन् म्या चुलीजवळून बोलावलं तं आयकू येत नाही. सोंग हाय सारं." तिचं काही चुकत नव्हतं. मलाही वाटायचं की ही हळू बोलते, सून पुटपुटते, नात तोंडातल्या तोंडात बोलते. गावातले मोठ्या आवाजाचे गडी तेवढे नीट बोलतात.

तर पहिलं दुकान.

खरं म्हणजे ते दुकान नव्हतंच, शिबिर होतं. तालुक्याच्या मंगल कार्यालयात 'मोफत कर्णतपासणी' असा फलक, टाय लावलेलं एक पोरगं, टेबलावर एक पेटी. डोक्यावर तीन पंखे गरगर फिरत होते, बाजूला कोणाचं लेकरू रडत होतं. अशा हॉलमध्ये माझ्या कानाला हेडफोन लावून पाच मिनिटांत तपासणी आटोपली. काय काम करत होतात, कानात आवाज येतात का, कोणता कान जास्त, काही नाही. "काका, दोन्हीला लावा, दुसऱ्यावर सूट आहे." दोन मिळून ४६ हजार. तूर नुकतीच विकली होती, पैसा घरात होता, अन् काट्यावरची ती चिठ्ठी डोक्यात होती. घेऊन टाकलं. बिलात कर म्हणून वेगळी रक्कम जोडलेली होती. कानाच्या मशीनवर जीएसटी लागतच नाही हे मला पुढं दुसऱ्या दुकानात कळलं.

घरी येऊन लावलं तर माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. भाकर चावली की डोक्यात गिरणी सुरू. सुनेच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं तर मी जेवता जेवता ताडकन उभा, पाठीतून कळ गेली. पंखा ऐकू येत होता, फ्रीज ऐकू येत होता, शेजाऱ्याची मोटर, कोंबड्या, मोटारसायकल, सारं काही. बायको काय म्हणते तेवढं सोडून.

तीन चकरा मारल्या. दर वेळी ते पोरगं लॅपटॉप लावायचं अन् विचारायचं, "आता मोठं येतं ना?" यायचं मोठं. ते खूश, मी उठून बाहेर. चौथ्यांदा फोन केला तर म्हणे सवय होईल, मेंदूला वेळ लागतो. मेंदूला वेळ लागतो हे खरं आहे, ते नंतर दुसरीकडंही ऐकलं. पण चुकीच्या मापाच्या बुटाचीही माणसाला सवय होते, पाय वाकडे करून. पाचव्यांदा फोन लागलाच नाही. मशीन डबीत, डबी फडताळात.

पोळ्याच्या आधी फौजी कॅन्टीनच्या रांगेत एक जुना इन्फन्ट्रीवाला भेटला. माझ्यासारखाच जुना ठसा, पण काउंटरवरच्या बाईचं बोलणं पहिल्या खेपेला ऐकून उत्तर देत होता. कानामागं पाहिलं तर तार. मी माझी रामकहाणी सांगितली. तो म्हणाला, "वर्ध्याला एक पोरगी आहे. तिच्याकडं जा. नवं घेऊ नको, जुनंच घेऊन जा."

दुसरं दुकान वर्ध्यात, दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. तोफखान्यातल्या माणसाचे कान जातात तसे गुडघेही जातात, हे तिला घर भाड्यानं घेताना कोणी सांगितलं नसावं. वर गेल्यावर भिंतीवर भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यावर तिचा नंबर. कान तपासून मशीन बसवणाऱ्याकडं हा नंबर असावा लागतो, हेही मला तेव्हाच कळलं. मंगल कार्यालयात अशी भिंतच नव्हती.

पोरगी माझ्या सुनेच्या वयाची. पहिला प्रश्न, "काका, नोकरी कशात होती?" तोफखाना म्हटल्यावर दुसरा, "रायफल कोणत्या खांद्याला लावायचात?" उजव्या. "मग डावा कान जास्त गेला असेल." मी चकितच झालो, कारण डावाच जास्त गेला आहे. तिनं समजावलं. उजव्या खांद्याला बट लावून गाल टेकवला की डावा कान नळीच्या तोंडाकडं येतो अन् उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. भरतीपासून चोवीस वर्षं मी रायफल चालवली, हे कधी डोक्यात आलं नाही. तोफेनं दोन्ही नेले, रायफलीनं डावा थोडा जास्त नेला.

मग तपासणी. एक लहानशी खोली, दार फ्रीजसारखं जाड, आत भिंतींना मऊ गादी. दार लावलं अन् बाहेरचं जग बंद झालं. तेव्हा माझ्या कानातले रातकिडे किती मोठ्यानं ओरडतात ते मला कळलं. हे किडे १९९९ पासून आहेत, बारा महिने, पावसाळा असो की नसो. हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असो. काचेच्या पलीकडं ती बसलेली. मी दाबत गेलो. थोड्या वेळानं तिनं माइकवर म्हटलं, "काका, आता मी आवाज दिलाच नव्हता." मी किड्यांवर बटण दाबून राहिलो होतो. तिनं मग आवाजाची तऱ्हा बदलली, सलग शिट्टीऐवजी टुक टुक टुक, म्हणजे किड्यांपासून वेगळा ओळखू यावा. नंतर कानामागच्या हाडावर एक ठोकळा बसवून तेच परत. नंतर शब्द: मी ऐकायचे अन् म्हणून दाखवायचे. सारं मिळून पाऊण तास.

कागदावर आलेख काढून दिला. हर्ट्झ म्हणजे आवाज किती बारीक, डेसिबल म्हणजे तो किती मोठा केल्यावर मला ऐकू आला. सुरुवातीला रेघ वर, जवळपास सरळ. १००० हर्ट्झपर्यंत २०-२५ डेसिबल, म्हणजे माझ्या वयाला ठीकच. २००० ला ४५. अन् ४००० ला रेघ एकदम विहिरीत, ७५. ८००० ला परत थोडी वर, ६५. ४००० जवळचा हा खड्डा म्हणजे धमाक्यानं गेलेल्या कानाची सही, असं ती म्हणाली. कारखान्यात लोखंड ठोकणाऱ्याच्या कानातही हाच सापडतो.

आत कानाच्या शंखात केसासारख्या बारीक पेशी असतात. धमाका त्या वाकवतो, मोडतो, अन् माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. कानाला स्वतःचा बचाव आहे. मोठा आवाज आला की आतला एक स्नायू आखडतो अन् आवाज कमी करतो. पण त्याला आखडायला क्षणाचा बारीक तुकडा लागतो, अन् तोफेचा धमाका तोवर आत जाऊन काम करून मोकळा. आधी बारीक आवाजांच्या पेशी जातात. भाषेत बारीक आवाज कोणते? स, श, फ, ख, थ. आ, ओ, ऊ हे जाडे स्वर, ते शाबूत. म्हणून बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. म्हणून पुलगावचा धडाका ऐकू येतो अन् बायको नाही, अन् नात तर नाहीच, लेकरांचा आवाज बारीक. मी तो कागद घरी नेऊन बायकोसमोर ठेवला. तिनं विहिरीवर बोट ठेवलं. "म्हंजे म्या इथं पडली काय?" म्हटलं, "हो, तिथंच."

आता मशीन. तिनं ते आपल्या कॉम्प्युटरला जोडलं अन् नुसती मान हलवली. पहिल्यानं सगळ्याच आवाजांना सारखं वाढवून ठेवलं होतं. जे मला धडधाकट ऐकू येतं, पंखा, मोटर, माझाच आवाज, तेही दुप्पट. वरून कान बंद करणारा रबरी टोप घातलेला, म्हणून रांजण. अन् माझ्यासारख्या कानाची आणखी एक खोड असते: हळू आवाज येत नाही, पण जरा मोठा झाला की एकदम असह्य होतो. मधली जागाच उरत नाही. आपण म्हणतो मोठ्यानं बोल, अन् ती मोठ्यानं बोलली की म्हणतो ओरडतेस काहून. घरोघरी यावरून भांडणं होतात. मशीनला वरची हद्द घालून द्यावी लागते, ताट पडलं तरी याच्यावर जाऊ नको म्हणून. ती घातलेलीच नव्हती.

सुदैवानं मशीनला लॉक नव्हतं. काही दुकानं असं लॉक टाकतात की दुसरीकडं कोणाला सेटिंग उघडताच येत नाही. घेताना हे आधी विचारा, अन् बिलावर लिहून मागा.

तिनं छिद्रांचा टोप बसवला, तो काही शंभराच्या नोटेचा मामला. जाडे आवाज जवळपास तसेच सोडले, मधले उचलले, बारीक उचलले पण विहिरीच्या तळापर्यंत नाही. जिथं पेशीच उरल्या नाहीत तिथं आवाज ओतून नुसती कर्कश होते, असं तिचं म्हणणं. वरची हद्द घातली. तपासणी अन् सेटिंग मिळून दीड हजार घेतले, पुढच्या चकरांचे दोनशे-दोनशे. अन् मला वही घ्यायला सांगितली. कुठं काय झालं ते लिहून आणायचं.

ही वहीची गोष्ट मला फार आवडली, कारण ती ओळखीची निघाली. तोफेचा पहिला गोळा कधी निशाण्यावर पडत नसतो. पुढं टेकडीवर ओपीत, म्हणजे निरीक्षणाच्या ठाण्यात, बसलेला अधिकारी पाहतो अन् वायरलेसवर सांगतो, लेफ्ट १००, ॲड ४००, ड्रॉप २००, म्हणजे इतके मीटर डावीकडं, इतके वाढव, इतके कमी कर. दोन-चार गोळ्यांत तोफ जागेवर येते, मग खरी फायर. शिबिरवाल्यानं एक गोळा टाकला अन् तोफ गाडीला जोडून निघून गेला. ही माझ्याकडून करेक्शन मागत होती. ओपीत बसणं मला फौजेत कधी नशिबी आलं नाही, ते इथं आलं.

वहीतलं थोडं जसंच्या तसं देतो. "टपरीवर: कपबशी लागते. ड्रॉप." "बाजारात: सर्वांचा आवाज एकाच पोत्यात." "देवळात घंटा: डावा कान दुखला." "नात: आबाजी म्हटलं ते आलं, पुढचं नाही. ॲड." "मोटारसायकल: वारा फार, काढून ठेवलं." तीन आठवड्यांत चार चकरा झाल्या. दुसरं एक सेटिंग तिनं शेतासाठी करून दिलं. कानामागचं बटण दाबलं की टूं टूं वाजतं अन् वारा-ट्रॅक्टर दबतो.

पुढं हिवाळ्यातली एक रात्र सांगतो. पऱ्हाटी वाळायला लागली होती अन् रानडुकरांसाठी मी जागलीला गेलो होतो. माळ्यावर बसल्याबसल्या कानात चर्र चर्र सुरू झालं. वाटलं मशीन बिघडलं. काढून झटकलं, फुंकर मारली, परत लावलं. परत चर्र. बॅटरीचं दार उघडून लावलं. परत तेच. मग वारा थांबला अन् आवाजही थांबला. पऱ्हाटीची वाळली पानं होती ती, एकमेकांवर घासणारी. कापूस पिकवत आलो सारी हयात, अन् हा आवाज शेवटचा केव्हा ऐकला ते आठवेना. पहाटे डुकरं आलीच, ती मात्र मशीनशिवायही ऐकू आली असती.

जे जमत नाही तेही लिहितो. लग्नाचा डीजे सुरू झाला की मशीन खिशात. ग्रामसभेत चार जण एकदम बोलतात तिथं मी जुनाच बहिरा आहे, फक्त आता कोण कोणावर ओरडतंय ते कळतं. फोनवर ओळखीचा आवाज समजतो, बँकेतली बाई समजत नाही. अन् रातकिडे गेले नाहीत. दिवसा मशीन लावलं की बाहेरच्या आवाजांच्या गर्दीत ते मागं सरकतात, रात्री काढलं की परत हजर. त्यांच्यासाठी मी आधी लसूण घालून कढवलेलं तेल, कोण्या बाबाची पुडी, सारं करून बसलो होतो. ती सरळ म्हणाली, याला गोळी नाही, अन् कानात तेल घालू नका. झोपताना टेबलफॅन सुरू ठेवा. ठेवतो. थंडीतही ठेवतो, बायको गोधडीत तोंड घालून शिव्या देते.

विदर्भाचा उन्हाळा अन् मशीन यांचं जमत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् कानामागून घामाची धार लागते. पहिल्या मेमध्ये उजवं मशीन दोनदा मुकं झालं. आता रात्री बॅटरी काढून दोन्ही मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. दाणे रंग बदलले की ओल भरली समजायचं. कापूस वेचताना कस्तर माइकच्या बारीक छिद्रांत बसतो, मऊ ब्रशनं रोज झाडावं लागतं, रायफल पुसायची सवय होती म्हणून जड गेलं नाही. फवारणीच्या दिवशी मशीन घरी. बॅटरी १३ नंबरची, नारिंगी स्टिकरची. स्टिकर काढलं की ती हवा घेऊन चालू होते, मिनिटभर थांबून मग घालायची, अन् एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून ती काही थांबत नाही. मला दहा-बारा दिवस पुरते. आमच्या तालुक्याला घड्याळवाल्याकडं मागितली तर त्यानं घड्याळाची दिली होती, ती चालत नाही. अन् घरात लेकरू असेल तर या टिकल्या उंचावर ठेवा, गिळली तर जिवावर बेततं.

पैशाचं. मी घाईत शिबिरात घेतलं, हा माझा बावळटपणा. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही उपचाराची योजना २००३ पासून आहे, माझं कार्डही आहे. आधी तिचं पॉलिक्लिनिक, तिथून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं, त्याचा आलेख अन् चिठ्ठी, अन् मग ठरलेल्या मर्यादेत मशीनचे पैसे, असा रस्ता असतो. मी उलट्या टोकानं शिरलो. आधी मशीन, मग कागद, म्हणून ४६ हजारांतला रुपया परत आला नाही. जो कोणी फौजी हे वाचत असेल त्यानं तूर विकायच्या आधी पॉलिक्लिनिकला जावं.

कोणीतरी सुचवलं म्हणून अपंगत्वाच्या दाखल्याचंही विचारून पाहिलं. २०१६ च्या कायद्यात कमी ऐकू येणारा म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल गेलेला, अन् ७० ला बहिरा. माझी वरची सरळ रेघ अन् खालची विहीर यांची सरासरी चाळिशीच्या आसपास येते. म्हणजे कागदावर मी नीट ऐकतो. व्यापाऱ्याला हा कागद दाखवायला पाहिजे होता.

दुसऱ्या दुकानाला पाचपैकी चार देतो. अर्धा तारा जिन्याचा कापला. अर्धा यासाठी की ती पेशंटला येण्याची वेळ फोन करून सांगते. बहिऱ्यांना फोन! मी दोनदा मंगळवार ऐकून मंगळवारी गेलो, ती म्हणाली होती शनिवार. तक्रार केल्यावर आता व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते. रविवारी बंद असतं, बाहेरगावच्यांनी लक्षात ठेवावं.

एक दुखणं मात्र अजून सुटलेलं नाही. मला आता ऐकू येतं, पण बायको बोलते ती ओरडूनच. वीस वर्षं ओरडून बोलायची तिला सवय झाली, चुलीजवळून बोलली तरी शेजारीण ओ देते. मी पोरीला विचारलं, यावर काही सेटिंग आहे का? ती हसली नाही. म्हणाली, "काकूंना घेऊन या. त्यांच्याशीही अर्धा तास बोलावं लागतं." बायको आधी नाही म्हणाली. "कान तुमचे गेले, म्या कायले येऊ?" मग कबूल झाली. येत्या सोमवारी सकाळच्या एसटीनं दोघं जाणार. तिचं तिकीट अर्धं.